आधी ‘कधीपासून?’ विचारा

पुरुषाच्या अंडकोषात कळ आली, सूज आली, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : काय केलंस? आई विचारते तेव्हा तिला म्हणायचं असतं, कुठे पडलास, काय उचललंस. मित्र विचारतात तेव्हा रोख वेगळा असतो. दवाखान्यात विचारलं जातं तेव्हा बहुधा दोन्ही अर्थ एकाच वाक्यात असतात. या प्रश्नाची बाजू घेणारी माणसं वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की हे दुखणं मुळात बाहेरख्यालीचं नाहीतर बेफिकिरीचं. कारण कळल्याशिवाय औषध कसं द्यायचं? दुसरं, एक अँटिबायोटिकचा कोर्स आणि घट्ट लंगोट एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. तिसरं, प्रत्येक दुखऱ्या पोराला मोठ्या दवाखान्यात धाडणं गरिबाला परवडणारं नाही. आणि चौथं, या विषयाची शाळेत, घरात, छापील पानावर वाच्यता करून कोवळ्या मुलांच्या डोक्यात नको ते कशाला भरायचं? चारही मुद्दे शहाणपणाचे वाटतात. चारही चुकीचे आहेत, आणि त्या चुकीची किंमत ती करणारा मोजत नाही. म्हणून हे उत्तर.

वेळेपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं थोडं थांबू शकतं, वेळ थांबत नाही. वृषणाला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या शुक्ररज्जूमधून खाली येतात. काही मुलांत जन्मतःच वृषण पिशवीच्या मागच्या भिंतीला नीट धरलेलं नसतं. ते आत मोकळं राहतं आणि एखाद्या वेळी स्वतःभोवती फिरतं. रज्जूला पीळ बसतो. आधी रक्त बाहेर पडायचं थांबतं, मग आत यायचं थांबतं. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया करून पीळ सोडवला तर वृषण जवळपास नेहमी वाचतं. बारा तास झाले तर निम्म्याच मुलांचं वाचतं. चोवीस तासांनंतर वाचलं तर नशीब. हे वय साधारण १२ ते १८ चं. कळ झोपेतसुद्धा उठते. मुलगा पडलेला नसतो, त्याने काही उचललेलं नसतं, काही केलेलंही नसतं.

असा मुलगा पहाटे तीनला आईला उठवून काय सांगतो? पोटात दुखतंय. ते खोटं नसतं. गर्भात वृषण पोटात, मूत्रपिंडाच्या जवळ तयार होतं आणि नंतर खाली उतरतं. त्याचे मज्जातंतू त्या वरच्या जागेशीच बांधलेले राहतात. त्यामुळे कळ ओटीपोटात आणि जांघेत जाणवते, मळमळतं, उलट्या होतात. आई ओवा देते. उजाडल्यावर दवाखान्यात पोट दाबून पाहिलं जातं, अपेंडिक्सची शंका निघते, गॅसचं इंजेक्शन दिलं जातं. चड्डी खाली करून कुणी पाहत नाही. मुलगा दाखवत नाही, कारण आई शेजारी उभी असते आणि डॉक्टरांनी तिला बाहेर थांबायला सांगितलेलं नसतं.

आणि जो मुलगा धीर करून खरी जागा सांगतो, त्याला ‘काय केलंस?’ ऐकावं लागतं. प्रश्न आरोपाच्या सुरात आला की मुलगा निर्दोष उत्तर शोधतो. बॉल लागला, म्हणतो. बॉल लागलेलाही असतो, परवा संध्याकाळी. झालं, कारण सापडलं. सूज आहे, मार लागलाय, पाच दिवसांच्या गोळ्या. त्या मुलाला एकच प्रश्न विचारायला हवा होता : कधीपासून दुखतंय, आणि एकदम उठलं की हळूहळू वाढलं? त्याचं उत्तर द्यायला मुलगा लाजत नाही, कारण त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘रात्री दोनला एकदम’ हे उत्तर ऐकलेल्या माणसाच्या हातात किती वेळ उरला आहे, ते त्याला लगेच कळतं.

जिवाणूंमुळे अधिवृषणाला, म्हणजे वृषणाच्या मागे चिकटलेल्या भागाला, येणारी सूज सहसा दिवस-दोन दिवसांत चढत जाते. बरोबर ताप असतो, लघवीला जळजळ असते, सुरुवातीला दुखरा भाग वृषणाच्या मागे सापडतो. पीळ एकाएकी बसतो, उलट्या करवतो, वृषण वर ओढलेलं आणि आडवं झालेलं दिसतं. मांडीच्या आतल्या बाजूला बोटाने हलका ओरखडा काढला की निरोगी बाजूचं वृषण वर उचललं जातं. पीळ बसलेल्या बाजूला ते बहुधा हलत नाही. ही लक्षणं उपयोगी आहेत, पण ती एकमेकांत मिसळतात, आणि एखाद्या खुणेवर विसंबून राहण्याचा मोह घातक आहे. १९३४ साली प्रेन नावाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की सुजलेलं वृषण हाताने उचलून धरल्यावर आराम पडला तर सूज समजावी, न पडला तर पीळ. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या ते पाठ करत आल्या. आज जाणता सर्जन त्या एका खुणेवर मुलाला घरी पाठवणार नाही.

इथे खर्चाचा आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. तालुक्याला डॉप्लर सोनोग्राफी कुठे आहे? प्रत्येकाला जिल्ह्याला पाठवायचं का? चिरा देऊन आत नुसती सूज निघाली तर? याचं उत्तर असं, की पहिली तपासणी हातांची आहे आणि ती उपकेंद्रातही होते. दुसरं, पिळाची शंका दाट असेल तर सोनोग्राफीसाठी थांबायचं नसतं. अर्धवट पिळात डॉप्लरवर रक्तप्रवाह दिसूही शकतो आणि सगळ्यांना खोटा धीर येतो. मुलाला सरळ सर्जनपर्यंत पोचवायचं, १०८ ला फोन करायचा. आत नुसती सूज निघाली तर मुलाच्या अंगावर एक छोटा व्रण राहील आणि आठवडाभर शाळा बुडेल. पीळ निघाला आणि आपण सकाळची वाट पाहिली असेल, तर वृषण काढून टाकावं लागेल. हे दोन खर्च शेजारी ठेवून पाहिल्यावर कोणता गरिबाला परवडत नाही? आणि हेही सांगितलं पाहिजे, की पिळाची शस्त्रक्रिया करताना दुसऱ्या बाजूचं वृषणही टाके घालून पक्कं करतात, कारण तो जन्मजात सैलपणा पुष्कळदा दोन्हीकडे असतो. एका बाजूचा पीळ ‘सूज’ म्हणून विसरला गेला तर दुसरी बाजूही धोक्यातच राहते.

आता पीळ नाही, खरोखर सूजच आहे, असं धरू. तरी ‘काय केलंस?’ हा प्रश्न तोकडाच पडतो.

वृषणाच्या मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत चिकटलेला एक लांबट भाग हाताला लागतो, तो अधिवृषण. बाहेरून तो बोटाच्या दोन पेरांएवढा असतो. आत सुमारे सहा मीटर लांबीची एकच नळी घड्या घालून बसवलेली असते. वृषणात तयार झालेले शुक्रजंतू या नळीतून काही दिवस सरकत जातात, आणि त्या प्रवासातच त्यांना पोहण्याची आणि फलन करण्याची ताकद येते. पुढे शुक्रवाहिनी लागते, ती वर जाऊन मूत्राशयाच्या मागे वळते आणि प्रोस्टेटमधून मूत्रमार्गाला मिळते. जंतू बहुधा याच वाटेने उलटे येतात : मूत्रमार्गातून किंवा प्रोस्टेटमधून शुक्रवाहिनीत, तिथून अधिवृषणात, आणि मग शेजारच्या वृषणात. म्हणजे सूज खाली दिसते, पण घोटाळा बहुधा वर लघवीच्या मार्गात झालेला असतो.

हे कळलं की विचारायचे प्रश्न आपोआप बदलतात. पासष्टीचा गृहस्थ घ्या. रात्रीतून चारदा उठतो, धार बारीक झाली आहे, मागच्या महिन्यात दवाखान्यात लघवीची नळी घातली होती. त्याच्या तुंबलेल्या लघवीत वाढलेले आतड्यातले जिवाणू, बहुतेकदा ई. कोलाय, अधिवृषणात उतरले आहेत. त्याला लघवीचं कल्चर हवं, मूत्राशयात किती लघवी मागे राहते ते पाहायला हवं, प्रोस्टेटचा इलाज हवा. त्याऐवजी त्याच्याकडे सून आणि मुलासमोर अर्थपूर्ण नजरेने पाहिलं जातं. तो गोळ्या घेऊन घरी येतो आणि पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही. प्रोस्टेट तसंच राहतं, दोन महिन्यांनी दुसरी बाजू सुजते. लहान मुलांचंही तसंच. सात ते बारा वर्षांच्या मुलात पुष्कळदा वृषणाच्या टोकाशी असलेल्या एका बारक्या उपांगाला पीळ बसलेला असतो. ते दुखतं, पण बहुधा विश्रांतीने निवळतं. कधी एखाद्या विषाणुजन्य तापानंतर अधिवृषण सुजतं आणि आपोआप ओसरतं. कधी लघवीच्या मार्गात जन्मजात दोष असतो. यातलं काहीही त्या पोराने केलेलं नाही.

‘काय केलंस?’ या प्रश्नाला वैद्यकशास्त्रानेही पूर्वी खतपाणी घातलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. विसाव्या शतकात बराच काळ असं शिकवलं जाई, की भरल्या मूत्राशयाने वजन उचललं, जोर केला, तर लघवी उलटी शुक्रवाहिनीत ढकलली जाते आणि त्यातून सूज येते. तरुणांच्या लघवीत जंतू सापडत नसत, म्हणून दोष कष्टाच्या कामावर जाई. १९७८ साली अमेरिकेतल्या सिएटल इथे रिचर्ड बर्गर, किंग होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दाखवून दिलं, की ‘कारण अज्ञात’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या तरुणांच्या सुजेत पुष्कळदा क्लॅमिडिया असतो. हा जिवाणू पेशीच्या आत वाढतो, नेहमीच्या कल्चरवर उगवत नाही, म्हणून तोवर दिसत नव्हता. शोध महत्त्वाचा होता आणि त्याने उपचार सुधारले. त्यातूनच नियम रुजला : पस्तिशीच्या आत असेल तर लैंगिक संसर्ग, पस्तिशीनंतर लघवीचा संसर्ग.

नियम औषध निवडायला सोयीचा आहे, अजूनही अनेक मार्गदर्शिकांत आहे. पण आपल्याकडे त्याचा निवाडा झाला. तिशीतला माणूस सुजून आला की वयाच्या आकड्यावरूनच त्याची वर्तणूक ठरते. २०१५ साली जर्मनीतल्या गीसन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २३७ रुग्णांची आधुनिक रेणवीय चाचण्यांनी तपासणी प्रसिद्ध केली. सर्वांत जास्त सापडला तो ई. कोलाय. लैंगिक संसर्गाचे जंतू सुमारे १४ टक्के रुग्णांत होते, आणि ते एका वयोगटापुरते नव्हते. तरुणांत होते तसे वयस्कांतही होते. म्हणजे तिशीतल्या माणसावर नुसत्या वयावरून संशय घेणं जितकं चूक, तितकंच पन्नाशीतल्या प्रतिष्ठित माणसाला न विचारता मोकळं सोडणं चूक. दोन्ही ठिकाणी चाचणीचं काम अंदाजावर सोपवलं जातं.

जर्मनीचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू पडतील, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे कारणांची यादी त्यांच्याहून लांब आहे, आणि त्यातली कित्येक कारणं कुणाच्या चारित्र्याशी नातं सांगत नाहीत.

क्षय म्हटला की आपल्याला खोकला आठवतो. पण क्षयाचे जंतू रक्तातून किंवा मूत्रमार्गातून अधिवृषणातही मुक्काम करतात. सूज हळूहळू वाढते, फारशी दुखत नाही, हाताला टणक आणि ओबडधोबड लागते. शुक्रवाहिनी गाठीगाठींची होते. कधी पिशवीच्या मागच्या बाजूला छिद्र पडून पाणी वाहू लागतं. हा माणूस तीन दवाखाने फिरतो आणि तिन्हीकडून त्याला लेव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी मिळते. ही गोळी क्षयाच्या जंतूंवरही थोडी चालते. माणसाला आठ-दहा दिवस बरं वाटतं, निदान मागे पडतं, आणि अर्धवट औषधाने जंतू निबर होण्याची भीती वेगळीच. सकाळची पहिली लघवी क्षयासाठी तपासली असती, गरज पडल्यावर सुजलेल्या भागाचा नमुना घेतला असता, तर सहा महिन्यांचं मोफत सरकारी औषध त्याला मिळालं असतं.

विदर्भात जा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा जुना पट्टा आहे. डासाने सोडलेल्या सूक्ष्म अळ्या माणसाच्या लसिकावाहिन्यांत वाढून कृमी होतात, आणि पुरुषांत शुक्ररज्जूभोवतीच्या वाहिन्या हे त्या कृमींचं आवडतं घर असतं. तिथे ते मेले की रज्जू आणि अधिवृषण सुजतं, ताप चढतो, आणि वर्षानुवर्षांनी पिशवीत पाणी साचतं. हत्तीरोगासाठी रात्री चालणारी चिकित्सालयं आहेत, कारण या कृमींची सूक्ष्म पिल्लं रात्री रक्तात येतात. दिवसा बोट टोचून काही हाती लागत नाही. या भागातल्या शेतमजुराला ‘काय केलंस?’ विचारणाऱ्याने त्याच्या घरामागचं गटार पाहावं.

गालगुंड तर हिप्पोक्रेटिसच्या काळापासून माहीत आहे. थासोस बेटावर कानाखाली सूज आलेल्या पुरुषांच्या वृषणात पुढे दुखरी सूज आल्याचं त्याच्या ग्रंथात नोंदलेलं आहे. वयात आल्यानंतर गालगुंड झालेल्या पुरुषांपैकी साधारण चौथ्या-पाचव्या माणसाला वृषणदाह होतो, बहुधा गाल सुजल्यावर आठवडाभरात. हा विषाणूचा आजार आहे, इथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. काहींचं वृषण पुढे आक्रसतं. दोन्ही बाजू गेल्या आणि माणूस पूर्ण वंध्य झाला, असं क्वचितच घडतं; पण ज्याच्या बाबतीत घडतं त्याला ‘क्वचित’ हा शब्द काय दिलासा देणार? २०१७ पासून आपल्या सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेलाची लस आली, तिच्यात गालगुंडाचा भाग नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना तिन्ही रोगांची लस द्यायला सांगते, ती पैसे मोजून घ्यावी लागते. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात आणि इतर काही राज्यांत गालगुंडाचे रुग्ण वाढले. तेव्हा सुजलेल्या मुलाने काय केलं हे विचारण्याआधी, त्याच्या लसीत एक रोग का वगळला, हे आरोग्यखात्याला विचारलं पाहिजे.

आणि गोठ्यातला ब्रुसेला. गाय गाभडली, वार अडकली, ती उघड्या हाताने काढली, किंवा न उकळलेलं दूध प्यायलं, की हा जिवाणू माणसात येतो. चढउतार होणारा ताप, सांधेदुखी, आणि काही पुरुषांत वृषणाला सूज. या माणसाला त्याचा डॉक्टर गोठ्याबद्दल एक शब्द विचारत नाही.

आता दुसरा मुद्दा : एक कोर्स आणि घट्ट लंगोट. लंगोटाचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि ते मान्य करतो. सुजलेला भाग आधाराने वर उचलून धरला, पडून राहिलं, बर्फ कापडात गुंडाळून थोडा थोडा वेळ लावला, तर कळ खरोखर कमी होते. पण कोर्स? कोणता कोर्स? आपल्याकडे औषधाच्या दुकानातून न विचारता मिळणारी गोळी बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनच्या कुळातली असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) वार्षिक अहवालांत ई. कोलायचे बहुसंख्य नमुने सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नाहीत. परम्याचा जिवाणू तर या कुळाला केव्हाच निर्ढावला. अमेरिकेने २००७ साली परम्यासाठी ही औषधं बंद केली. लैंगिक संसर्गाची शंका असेल तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन आणि बरोबर दहा दिवस डॉक्सिसायक्लिन लागतं. लघवीचा संसर्ग असेल तर कल्चरने सांगितलेलं औषध दहा ते चौदा दिवस. औषध सुरू करण्याआधी लघवीचा नमुना घेतला नाही, तर पुढच्या सगळ्या गोळ्या अंदाजाने चालतात. आणि तीन दिवसांत उतार पडला नाही तर परत यायचं, हे रुग्णाला स्पष्ट सांगायचं असतं. तेव्हा पू झाला आहे का, क्षय आहे का, की मुळात ही गाठच आहे, हे पाहावं लागतं. दुखणं थांबल्यावरही सूज ओसरायला काही आठवडे लागतात, हेही सांगायला हवं, नाहीतर माणूस घाबरून दुसऱ्या, तिसऱ्या दवाखान्यात धावतो. पण आठवडे उलटून गाठ टणकच राहिली तर सोनोग्राफी टाळायची नाही. पंधरा ते चाळीस वयातल्या पुरुषांत वृषणाचा कर्करोग होतो, बहुधा न दुखता; आणि ‘सूज आहे, उतरेल’ म्हणून त्याला महिनोन्‌महिने मोकळीक मिळते. वेळेवर सापडला तर तो बरा होणाऱ्या कर्करोगांत मोडतो.

‘पण कधी कधी तर ते खरोखर तसल्या संबंधांतूनच येतं ना?’ हा या वादातला सर्वांत बळकट प्रश्न आहे, आणि त्याला बगल देणार नाही. येतं. म्हणूनच लैंगिक इतिहास विचारायलाच हवा. पण विचारायचा कसा? खोलीत आई, बायको, कंपाउंडर नसताना, दार लावून, तापाचा इतिहास विचारतो त्याच सुरात. कारण या रुग्णाच्या मागे बहुधा एक बाई असते, आणि तिला काहीच लक्षण नसतं. क्लॅमिडिया स्त्रीच्या शरीरात गुपचूप राहतो, गर्भनलिका खराब करतो, आणि काही वर्षांनी मूल होत नाही म्हणून तिच्यावरच बोट रोखलं जातं. आरोपाच्या सुरात विचारलेला पुरुष नाकारतो, गोळ्या एकटाच घेतो, घरी सांगत नाही. तिच्यावर उपचार होत नाहीत, त्याला पुन्हा संसर्ग होतो. साठ दिवसांच्या आतल्या जोडीदारांनाही औषध द्यावं, असं मार्गदर्शिका सांगतात. ते पुरुष बोलल्याशिवाय शक्यच नाही. जिल्हा रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तिथवर माणूस पोचावा असं वाटत असेल, तर त्याला आधी बोलता यायला हवं. नीतीची काळजी असणाऱ्यांनी या बाईचा विचार करावा. ‘काय केलंस?’ने तिला काय वाचवलं?

गप्प बसलेला पुरुष जातो कुठे, तेही पाहू. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर, रेल्वेच्या डब्यात ‘गुप्तरोग, मर्दानी कमजोरी’ असे फलक असतात, तिकडे. तिथे त्याच्याशी पहिल्यांदा कुणी न लाजता बोलतं, आणि भीती विकतं : वीर्य संपलं, नस ढिली झाली, आता संसार नाही. यातलं काहीही खरं नाही. पुरुषी संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी वृषणात वेगळ्या असतात आणि अधिवृषणाच्या सुजेने त्या सहसा बिघडत नाहीत. ताठरतेचा या सुजेशी संबंध नाही. एक वृषण गेलं तरी दुसरं निरोगी असेल तर मूल होऊ शकतं. खरी भीती आहे ती दोन्ही बाजूंच्या नळ्या व्रणाने बुजण्याची. तेव्हा शुक्रजंतू तयार होतात पण बाहेर येत नाहीत. त्यावरही शस्त्रक्रिया आहेत. पण फलकवाल्याकडे सहा महिने आणि घरातली पोत गेल्यावर माणूस तिथे पोचतो.

उरला शाळेचा प्रश्न. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं तेव्हाही हेच म्हणणं होतं : नको ते बोलून तरुणांना बिघडवू नका. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली म्हणून खटला झाला. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला आणि दंड झाला. कर्व्यांनी मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत चालवलं. त्यानंतर अर्ध्या शतकाने किशोरवयीन मुलांच्या शिक्षणाचा कार्यक्रम आला, तेव्हा २००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो त्याच कारणाने अडवला. ज्यांनी अडवला त्यांना मी इतकंच विचारतो : दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुरुषाच्या प्रजननसंस्थेची आकृती आहे. मुलं तिच्यातल्या भागांना नावं देतात आणि गुण मिळवतात. ज्या भागाचं नाव मुलाला परीक्षेत लिहिता आलं पाहिजे, त्याच भागात रात्री एकदम कळ आली तर सहा तासांच्या आत सर्जनकडे पोचायचं असतं, एवढं एक वाक्य त्या पानावर छापल्याने कोण बिघडणार आहे?

हे वाक्य शाळेत मुलांना सांगता येईल, पालकसभेत आईबापांना सांगता येईल, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मैत्री क्लिनिकच्या भिंतीवर लावता येईल. त्याच्या जोडीला आणखी थोडं : अशी कळ आली तर घरातल्या कुणालाही, कोणत्याही वेळी उठवायचं, जागेचं नाव सरळ सांगायचं, डॉक्टरांनी पाहिलं नाही तर ‘इथे पाहा’ म्हणायचं. मोठ्यांसाठीही थोडंच आहे. मुलाने जागेचं नाव घेतलं की आधी घड्याळाकडे पाहायचं, विचारायचं ‘कधीपासून?’, आणि निघायचं. बाकीचं सर्जन पाहून घेतील, आणि विचारायचं असेल ते दार लावून विचारतील.